चांद्याची छोटी गाडी आणि छंदिष्टांची मासिके

नागपूरच्या इतवारी स्टेशनातून उमरेड, भिवापूर ह्या गावांवरून नागभीडास जाणारी अरुंद मापाची आगगाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये कायमची थांबली. त्याच वाटेने रुंद मापाचा मार्ग घालावयाचा म्हणून ती थांबविण्यात आली. तेव्हा तिच्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही, असेच सर्वसाधारण मत पडले, आणि ते गैर होते असे म्हणता येत नाही. तापाने फणफणलेले मूल घेऊन ज्याला नागपूरच्या दवाखान्यात पोहोचावयाचे असते, त्याला दोन रुळांमधील अंतर अडीच फूट असावे की साडेपाच फूट, ह्याविषयी काव्यमय जिव्हाळा असण्याची आवश्यकता नाही. परंतु गाडी थांबल्यावर आमच्या मनात एक निराळाच प्रश्न उभा राहिला. चांद्याकडील एखाद्या जिज्ञासू मुलाने किंवा मुलीने ह्या गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती करावयाचे उद्या मनात आणले, तर त्यास मापे कोठे मिळावीत? डब्याची लांबी, दाराची रुंदी, फलाटाची उंची, स्टेशनाच्या छपराचा उतार, ही कोणी टिपून ठेविली आहेत काय? ह्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही आगगाडीचे नमुने करणाऱ्या परदेशी छंदिष्टांच्या मासिकांपाशी जाऊन पोहोचलो. ही मासिके शंभर वर्षांहून अधिक काळ निघत आलेली आहेत आणि त्यांची संख्या इतकी आहे की, ती सर्व वाचण्यास आयुष्य पुरणार नाही व सर्वांची वर्गणी भरण्यास मध्यमवर्गीय गृहस्थाचा पगार पुरणार नाही. त्यांपैकी आमच्या मुलखातील वाचकाने कोणती वाचावी, हे ठरविण्यापूर्वी ती कशी जन्मास आली हे पाहणे इष्ट आहे.

त्यापूर्वी ज्या गाडीसाठी हा खटाटोप, तिच्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली. तिचा मुख्य रुंद मार्ग नागपुराहून पूर्वेस गेला. परंतु त्या मार्गाच्या दोहों बाजूंस, सातपुड्याच्या पठारावर आणि वैनगंगेच्या खोऱ्यात, जो जंगलमय मुलूख पसरलेला होता, तेथे रुंद मार्ग घालणे कंपनीस परवडण्याजोगे नव्हते. म्हणून दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, मापाचे रूळ घालण्यात आले. गोंदिया हे ह्या छोट्या मार्गांचे नाके. तेथून एक फाटा उत्तरेस जबलपुराकडे गेला, आणि दुसरा दक्षिणेस अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी ह्या बाजूने नागभीडास आला. १९०८ साली नागपूर–नागभीड मार्ग सुरू झाला आणि पहिले महायुद्ध पेटण्यापूर्वी नागभीडाहून सिंदेवाही, मूल ह्या वाटेने रूळ चांदा फोर्टपर्यंत पोहोचले. वर्धा–वरोड्याकडून आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे चांद्याचे स्टेशन निराळे, आणि बंगाल-नागपूरचे चांदा फोर्ट निराळे. आजही परक्या माणसाचा ह्या दोन स्टेशनांत घोटाळा होतो. झाडीपट्टीचा तांदूळ, बांबू, सागाचे ओंडके, मोहफुले आणि गोंदियाच्या विड्यांसाठी लागणारी तेंदूची पाने ह्या रुळांवरून गेली. ओढावयास ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेली 'सीसी' वर्गाची इंजिने होती. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान, अशी त्यांची ठेवण. रुंद मार्गावरील डाकगाडीच्या इंजिनाचा डौल ह्या बुटक्या गाडीस देण्याचा त्यात प्रयत्न होता, आणि तो साधलाही होता. १९९० नंतरच्या दशकात गोंदिया–चांदा फोर्ट हा भाग रुंद झाला. नागभीड–नागपूर ही एक भुजा डिझेल इंजिनांच्या आधाराने आणखी वीस वर्षे टिकून राहिली.

मराठीत मालाच्या डब्यास वाघीण म्हणतात. ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ एका वेळी खरे असावेत असा दुसरा मार्ग महाराष्ट्रात आम्हांस माहीत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये रुंद झालेल्या चांदा फोर्ट–गोंदिया मार्गावर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. ज्या काळी गाडी छोटी व मंद होती, त्या काळाविषयी हळहळ वाटण्यास एवढे एक कारण तरी खरे आहे.

आता, आगगाडीचे लहान नमुने करणे हा पोरखेळ आहे, त्यात इतिहासाचा काय संबंध, असा आक्षेप आमचे काही वाचक घेतील. त्यांस आम्ही इंग्लंडातील एका गृहस्थाची हकीकत सांगू इच्छितो. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातील तरुण १९२५ साली विलायतेस आला आणि 'व्हाइट हॉर्सची दरी' म्हणून जो स्विंडनजवळचा प्रदेश आहे, त्याच्या प्रेमात पडला. तेथील गवताने शाकारलेली जुनी घरे त्याच्या डोळ्यांदेखत पडत होती, कोणी शाकारणी काढून पत्रे घालीत होते, कोणी भिंतींना नवे रंग फाशीत होते. सरकारने ही घरे राखावीत म्हणून अर्ज करीत बसण्याऐवजी त्याने घरोघर जाऊन मापे घेतली आणि पुठ्ठ्याची घरे रचावयास आरंभ केला. एका फुटास चार मिलिमीटर हे प्रमाण. त्याच्या जोडीस तशीच चिकाटी असलेले सहकारी मिळाले आणि १९५४ पासून लाँग विटनहॅम ह्या खेड्यात 'पेंडन' नावाचे संग्रहालय उभे राहिले. तेथे आगगाडी धावते, परंतु ती निमित्त आहे. खरे पाहावयाचे आहे ते १९३० च्या सुमाराचे खेडे: परसातील भाजीचे वाफे, वाळत घातलेले कपडे, खिडकीच्या काचेस गेलेला तडा. ज्या घरांची ही चित्रे आहेत, त्यांपैकी कित्येक घरे आता जागेवर नाहीत. इतिहासकार कागदपत्रांवरून जे काम करतो, तेच काम ह्या माणसाने कात्री व डिंक घेऊन केले, असे म्हणावयास हरकत नसावी.

रॉय इंग्लंडास हे शिकविले कोणी? बऱ्याच अंशी त्या काळच्या मासिकांनी. आणि येथेच आमच्या विषयाचे सूत्र हाती लागते.

लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल ह्या संपादकाने जानेवारी १८९८ मध्ये 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढले. त्याचा वाचक म्हणजे कारखान्यातील फिटर, शाळामास्तर, दुकानातील कारकून. घरच्या पडवीत लेथ बसवून खऱ्या वाफेवर चालणारी यंत्रे बनविणारा. ह्या वाचकास विकत काय घ्यावे हे सांगून उपयोग नव्हता, कारण विकत घेण्यास बाजारात फारसे काही नव्हतेच. म्हणून मासिकास आराखडे द्यावे लागत: पितळेचा पत्रा किती जाड घ्यावा, तो कोठे कापावा, डाख कसा द्यावा. १९०९ साली मात्र निराळ्या जातीचे एक मासिक जन्मास आले. हेन्री ग्रीनली हा कुशल आराखडेकार आणि नॉर्थम्प्टनचा बॅसेट-लोक हा नमुन्यांचा व्यापारी, ह्या दोघांनी मिळून ते काढले. ग्रीनलीने नमुना आखावा, बॅसेट-लोकने तो विकावा आणि मासिकाने त्याची वाखाणणी करावी, असा त्रिवेणी संगम झाला. ग्रीनलीची विद्वत्ता खोटी नव्हती. त्याचे लेख आजही वाचनीय आहेत. परंतु दुकान आणि संपादकाचे टेबल एका छपराखाली येण्याची जी चाल त्या दिवशी पडली, ती पुढे कधीच मोडली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मार्शलच्याच संस्थेने १९२५ साली 'मॉडेल रेल्वे न्यूज' सुरू केले. ह्याच्या संपादकपदी पुढे जे. एन. मॅस्केलाइन हा गृहस्थ कित्येक वर्षे होता. हा स्वतः उत्तम आराखडेकार असल्यामुळे खऱ्या इंजिनांची प्रमाणबद्ध रेखाचित्रे त्याच्या अंकांतून सातत्याने येत. जॉन एहर्न ह्याने आपल्या 'मॅडर व्हॅली' नावाच्या काल्पनिक खोऱ्यातील गाडीविषयीचे लेख ह्याच मासिकात लिहिले. त्याच्या आधी छंदिष्ट लोक इंजिनाकडे पाहत; गाडी ज्या मुलखातून जाते तो मुलूखही तितक्याच काळजीने करावयाचा असतो, हे एहर्नने प्रथम पटवून दिले. त्याची ती मॅडर व्हॅली पुढे पेंडन संग्रहालयातच जाऊन विसावली, हा योगायोग नव्हे. ह्या मासिकाचे १९२५ ते १९५० ह्या काळातील अंक जर कोणास एखाद्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बांधीव मिळाले, तर घासाघीस न करता घ्यावेत, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. त्यांतील विजेची यंत्रे कालबाह्य झाली आहेत. पाहण्याची रीत कालबाह्य झालेली नाही.

ऑक्टोबर १९४९ मध्ये इयन ॲलन ह्या प्रकाशकाने 'रेल्वे मॉडेलर' काढले आणि दोनच वर्षांत ते सिडनी प्रिचर्डच्या 'पेको' कंपनीकडे गेले. पेकोचा धंदा लहान रूळ व सांधे विकण्याचा. संपादक सिरिल फ्रीझर हा मोठा कल्पक मनुष्य होता. इंग्लंडातील लहान घरांच्या लहान खोल्यांतून बसतील असे मार्गांचे आराखडे त्याने शेकड्यांनी आखले, आणि त्याने १९५७ साली प्रसिद्ध केलेला 'मिनरीज' नावाचा एक शहरी स्टेशनाचा आराखडा आजही लोक बांधीत आहेत. आपल्याकडील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या वाचकास फ्रीझर जवळचा वाटेल, ह्यात शंका नाही. एडिंबरोचा पी. डी. हँकॉक ह्याची अरुंद मापाची गाडी ह्याच मासिकातून लोकांस माहीत झाली आणि तिने नऊ मिलिमीटरच्या रुळांवर अरुंद मार्ग करण्याची लाट आणली. हे सर्व श्रेय देऊनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या मासिकाचा मालक रूळ विकतो, त्या मासिकात रूळ घरी कसे करावेत ह्यापेक्षा रूळ कसे जोडावेत हे अधिक येणार. ह्यात लबाडी नाही. नदी उताराकडे वाहते तसे हे आहे. फक्त उतार कोणीकडे आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

हा उतार आमच्या छोट्या गाडीस कसा बाधतो, ते हिशेबाने दाखविता येते. इंग्लंडात रूढ असलेले प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर. त्या प्रमाणाने नागभीडच्या अडीच फुटी मार्गाचे लहान रूळ बरोबर दहा मिलिमीटर अंतरावर यावयास हवेत. बाजारात मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. म्हणजे विकतचे रूळ आणून जो ही गाडी इंग्रजी प्रमाणात करील, तो तिला नकळत सव्वादोन फुटी करून ठेवील. तीन इंच रुंदी गिळली जाईल आणि अरुंद गाडी आणखी अरुंद दिसेल. त्याऐवजी युरोप-अमेरिकेत चालणारे सत्त्याऐंशीस एक हे प्रमाण घेतले, तर ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि नऊच्या रुळांवर एक इंचाहूनही कमी चूक राहते. मालाच्या जाहिरातीत हा हिशेब सापडत नाही. चांगल्या मासिकात तो सापडतो.

अमेरिकेचा वृत्तांत थोडा निराळा आहे. तेथे मार्च १९३३ मध्ये 'मॉडेल क्राफ्ट्समन' निघाले. पुढे आगगाडीपुरतेच राहून त्याने 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन' हे नाव घेतले. जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी शहरी अल काल्मबाख ह्या छापखानदाराने 'मॉडेल रेलरोडर' सुरू केले. जागतिक मंदीच्या ऐन अंधारात, लोकांच्या हाताला काम नव्हते अशा वेळी, ही दोन्ही मासिके जन्मली. आमच्या मते त्याचे कारण उघड आहे: रिकाम्या हातांस काही करावयास हवे होते, आणि ते फुकटात व्हावयास हवे होते. आरंभीचे अंक पाहिले तर सिगारेटच्या डब्याचा पत्रा, जुन्या घड्याळाची चाके, फळांच्या खोक्याच्या फळ्या ह्यांचा उपयोग कसा करावा ह्याचीच चर्चा अधिक दिसते. १९३५ साली ह्या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना मिलवॉकीतच स्थापन झाली आणि तिने रुळांची व चाकांची मापे ठरवून दिली. एका कारागिराची चाके दुसऱ्याच्या रुळांवर चालू लागली ती तेव्हापासून. मासिकाने वाचकांची एवढी सेवा केल्याचे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. पुढे लिन वेस्टकॉट हा संपादक असताना १९६० नंतरच्या दशकात लाकडी पट्ट्यांचा हलका पण न वाकणारा सांगाडा करण्याची जी रीत ह्या मासिकाने शिकविली, ती आमच्याकडील कोणताही सुतार एका दुपारी समजून घेईल. आलापल्लीचा साग त्यासाठी वापरणे म्हणजे केवळ उधळेपणा. परंतु पट्टी सरळ राहण्याची खात्री मात्र पुरेपूर.

त्यानंतर भरभराट आली आणि भरभराटीबरोबर जाडी आली. जाहिरातींची पाने वाढली, 'नवा माल' हे सदर फुगले, आणि घरी केलेल्या वस्तूची जागा डब्यातून काढलेल्या वस्तूने घेतली. मे २०२४ मध्ये काल्मबाखच्या वारस संस्थेने हे मासिक दुसऱ्या प्रकाशन-कंपनीस विकले. 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन' तर २०१४ साली बंद पडता पडता नव्या मालकाच्या हाती जाऊन वाचले. छापील मासिकांवर जी अवकळा सर्वत्र आली, तीच त्यांच्यावर आली; त्यांना दोष देण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्यास 'मॉडेल रेलरोडर' वाचावयाचे असेल, त्याने १९३४ ते १९७० पर्यंतचे अंक आधी वाचावेत. जुने अंक आता संगणकावर वाचता येतात, तेव्हा दुर्मिळतेची सबब उरलेली नाही.

अमेरिकेतील ज्या एका मासिकाविषयी आम्ही जवळजवळ बिनशर्त चांगले बोलू शकतो, ते म्हणजे बॉब ब्राउन ह्यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेले 'नॅरो गेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट'. दुर्लक्षित, तुटपुंज्या, दिवाळखोर मार्गांचे हे मासिक. एखाद्या खाणीजवळची पाण्याची टाकी, एखाद्या रानातील लाकूड कापण्याची गिरणी, एखादा कलंडलेला डबा, ह्यांची बारीक मापांसह रेखाचित्रे त्याच्या अंकांतून नित्य येत आली. ह्यातील मार्ग बहुधा कोलोरॅडोतील तीन फुटी किंवा मेन प्रांतातील दोन फुटी; आमच्या अडीच फुटीचे माप त्यांत क्वचित सापडावयाचे. तरीही जंगलातील गाडी म्हणजे काय, ती रूळ कसे वाकविते, तिच्या स्टेशनात किती थोडे सामान असते आणि ते थोडेच नेमके कसे टिपावे, हे ह्या मासिकाइतके दुसऱ्या कोणी शिकविलेले नाही. जंगलाचे लाकूड ओढणारी गाडी, मग ती कोलोरॅडोत असो की चांद्यात, स्वभावाने एकच.

मापाचे सख्य शोधावयाचे तर अमेरिकेहून अन्यत्र गेले पाहिजे. ऑस्ट्रियातील झिलरतालसारखे डोंगरी मार्ग ७६० मिलिमीटरचे आहेत, आमच्यापेक्षा दोनच मिलिमीटर कमी. म्हणून १९४८ साली न्यूरेंबर्ग येथे निघालेल्या 'मिबा' ह्या जर्मन मासिकाची पाने जर्मन न येणाऱ्यानेही चाळावीत. जपानातील छोट्या मार्गांपैकी पुष्कळ तर बरोबर ७६२ मिलिमीटरचेच होते. तेथे महायुद्धातील पराभवानंतर, १९४६ साली, शहरे जळून खाक झालेली असताना, 'तेत्सुदो मोकेइ शुमी' म्हणजे 'आगगाडीच्या नमुन्यांचा छंद' ह्या नावाचे मासिक निघाले. त्यातील छोट्या गाड्या पाहून, हे उमरेडचेच स्टेशन तर नव्हे, असा भास आम्हांस झाला होता. रेखाचित्र वाचावयास लिपी लागत नाही, हा ह्या मासिकांचा मोठाच गुण.

परंतु सर्वांत जवळचा आप्त निघाला तो इंग्लंडातच, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या इंजिनिअराने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी मार्ग, आणि कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नाही, हे त्याचे तत्त्व. हलके रूळ घालूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने बार्शीस सिद्ध केले. तीच विद्या घेऊन तो स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड मार्गाकडे वळला. तो १९०४ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. लीड्सच्या किट्सन कारखान्यात झालेल्या त्याच्या दोन इंजिनांपैकी एकास खुद्द कॅल्थ्रॉपचेच नाव दिले होते. (ह्याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेण्याची छत्री बनविण्यात आपले डोके व पैसा खर्च केला, चंचल बुद्धीचे पुरुषही कधी कधी स्थिर कामे करून जातात.) हा जेमतेम तीस वर्षे जगलेला मार्ग इंग्रज छंदिष्टांचा फार लाडका, त्याची इंजिने, डबे, फलाट ह्यांची रेखाचित्रे त्यांच्या मासिकांतून पुनःपुन्हा आलेली आहेत. म्हणजे ज्या मार्गाची मूस बार्शीत घडली, त्याचे प्रत्येक खिळ्याचे माप छापून ठेविले आहे ते इंग्लंडात, आणि ज्या बार्शीवरून ती मूस घेतली तिच्या डब्यांची मापे आपल्या घरातील कोणाही मुलास ठाऊक नाहीत.

आपल्याकडे हे का झाले नाही? हौस नव्हती असे म्हणवत नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९१६ साली काढलेले 'मेकॅनो मॅगझीन' आपल्याकडील सुखवस्तू घरांतही येत असे; परंतु ते मेकॅनोच्या पेट्या आणि हॉर्नबीच्या गाड्या खपविण्यासाठीच निघालेले होते, आणि त्यातील मुलगा नेहमी काही तरी विकत घ्यावयाच्या बेतात असे. रेल्वे बोर्डाचे 'इंडियन रेल्वेज' हे मासिक १९५६ पासून निघू लागले. ते खात्याचे मुखपत्र, त्याची दृष्टी पुढच्या मार्गाकडे, गेलेल्या मार्गाकडे नव्हे. ह्यू ह्यूज ह्यांच्या 'इंडियन लोकोमोटिव्ह्ज' ह्या ग्रंथमालेचा अरुंद मार्गांविषयीचा भाग १९९४ साली इंग्लंडात छापला गेला; कोणते इंजिन कोणी कधी बांधले ह्यास तो अत्यंत विश्वसनीय आहे, पण त्यावरून डब्याचे दार करता यावयाचे नाही. पुण्यात भाऊ जोशी ह्यांनी घडविलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून कोथरूडला लोकांसाठी खुले झाले. दिवे, सिग्नल, पूल, फाटक ह्यांनी गजबजलेले ते शहर पाहून मुलांचे डोळे विस्फारतात. पुणेकरांनी ते अभिमानाने दाखवावे असेच आहे. पण तेथे धावते ते एक कल्पनेतील नगर. मूल-मारोड्याचे स्टेशन मूलच्याच मुलाला करावे लागेल.

तेव्हा निवड करताना आमची कसोटी साधी आहे. मासिकातील जाहिरातींची पाने मनाने फाडून टाकावीत आणि उरलेल्या पानांवरून, बाजारात एक पैसाही खर्च न करता, आपल्या गावच्या स्टेशनाची एक भिंत तरी करता येते काय, ते पाहावे. ह्या कसोटीस जुने 'मॉडेल रेल्वे न्यूज' पूर्ण उतरते, 'गॅझेट' उतरते, काल्मबाखच्या काळातील 'मॉडेल रेलरोडर' उतरते. १९८० ते २००६ पर्यंत निघालेले 'मेनलाइन मॉडेलर' रेखाचित्रांच्या बाबतीत अप्रतिम होते, पण मोठ्या रुंद मार्गांचे. त्याचे ओझे आपल्या कपाटास नको. १९८५ पासूनचे इंग्लंडातील 'मॉडेल रेल्वे जर्नल' फार देखणे, फार काटेकोर. त्यातील एखादा लेख वाचून नवशिक्याची हिंमत खचण्याचा संभव आहे, म्हणून ते दोन-तीन वर्षांनी हाती घ्यावे. घेतल्यावर मात्र सोडवत नाही. आजचे 'रेल्वे मॉडेलर' महिन्याच्या महिन्यास मागविण्यापेक्षा वाचनालयात वाचावे आणि फ्रीझरच्या काळातील अंक घरी ठेवावेत. आणि जे मासिक नव्या मालाच्या परीक्षणांनी भरलेले असते, ज्यात प्रत्येक वस्तू उत्तमच ठरते, ते मुळीच घेऊ नये. त्यात भारत आलाच तर तो दार्जिलिंगच्या रूपाने येतो, आणि दार्जिलिंगचा मार्ग दोन फुटी आहे.

कोणी म्हणेल, मासिके वाचून भागणार काय, मूळ गाडीच गेली. सर्व गेले नाही. नागपूरच्या मोतीबागेत अरुंद मार्गाचे संग्रहालय २००२ साली उघडले. तेथे इंजिने व डबे उभे आहेत. कित्येक जुन्या मनुष्यांच्या हाती अजून फोटो आहेत. मुलाच्या बारशाचे, बदलीच्या दिवशीचे, ज्यांच्या मागे नकळत फलाटाचे छप्पर आले आहे. फोटोत एखादा उभा मनुष्य असला आणि त्याची उंची ठाऊक असली, तर छपराची उंची काढता येते. ही युक्ती मॅस्केलाइनच्या पिढीस मुखोद्गत होती. वडसा आज गडचिरोली जिल्ह्याचे एकमेव रेल्वे स्टेशन आहे. तेथे छोटी गाडी थांबत असे त्या काळाची प्रतिकृती करावयाची तर झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांच्या पाट्या विसरून चालणार नाही, कारण ह्या मंडळ्यांची पेठ म्हणजे वडसाच. कोणत्या पाट्या, किती उंचीवर, कोणत्या रंगात, हे सांगणारी माणसे अजून तेथे आहेत. आणि योगायोग असा की, ह्याच मुलखाच्या बांबूपासून बल्लारपूरची गिरणी कागद करीत आली आहे. तेव्हा पुठ्ठ्याची भिंत करणाऱ्यास साहित्य परदेशातून आणावयास नको.

मोतीबागेत जाताना शाळेची फूटपट्टी नेऊ नये. लांब फीत न्यावी, आणि डब्याच्या दोन टोकांशी ती धरावयाची असल्याने एकट्याने जाऊ नये. प्रथम दोन चाकांच्या आसांमधील अंतर घ्यावे, मग फलाटापासून दाराच्या उंबऱ्याची उंची, मग खिडक्या. बाहेरची लांबी सर्वांत शेवटी. पहारेकरी विचारील, हे कशासाठी. त्यास खरे ते सांगावे.